दगडांना नावं ठेवणारी माणसं

मराठीत 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. पण एखाद्या डोंगराला किंवा गुहेला खरोखरच नाव ठेवायचं असेल, तर आधी तिच्याकडे बराच काळ बघावं लागतं. डोंगर काळा की तांबूस, त्याच्या कुशीत पाणी साठतं का, रात्री तिथे कोण ओरडतं, हे ज्याला ठाऊक आहे तोच नाव ठेवू शकतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. तिथल्या लोकांनी हे काम इतकं नीट करून ठेवलंय की भूशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी नुसता नकाशा वाचला तरी अर्धा धडा कळतो. अट एकच, नावांची भाषा कळायला हवी. आणि ती भाषा रोजच्या वापरात ठेवणारी गावं आता कमी होत चालली आहेत.

मागच्या जूनमध्ये मी ग्लासगोला मावशीकडे गेले होते. तिकडे 'जिऑलॉजी अँड नेचर हॉलिडे' नावाचा एक प्रकार असतो. दहा-बारा जणांचा ग्रुप, भूशास्त्र शिकलेला एक गाइड, पाठीला सॅक, आणि आठवडाभर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. मावशीने मला अशाच एका ग्रुपमध्ये घातलं. मी साहित्याची विद्यार्थिनी, दगडांशी माझा संबंध दहावीच्या भूगोलापुरता. त्यामुळे बाकीचे भिंगातून खडक बघायचे आणि मी गाइडला नावांचे अर्थ विचारत बसायचे. दोन-तीन दिवसांत लक्षात आलं की आम्ही सगळे एकाच गोष्टीची चौकशी करतोय.

आधी आग, मग बर्फ

गोष्ट सुरू होते साधारण 6 कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांना लागून होते, मध्ये अटलांटिक महासागर नव्हता. पृथ्वीच्या पोटातून तापलेल्या खडकाचा मोठा उमाळा वर आला (आज तोच आइसलँडच्या खाली आहे असं मानतात). वरचं कवच ताणलं गेलं, त्याला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहू लागला. पुढे ही दोन्ही भूखंडं दूर सरकली आणि मध्ये समुद्र शिरला. त्या घडामोडीत स्काय, मल, रम या बेटांच्या जागी मोठे ज्वालामुखी होते. आज तिथे ज्वालामुखी दिसत नाहीत, दिसतात ती त्यांची मुळं. वरचा डोलारा कोट्यवधी वर्षांत झिजून गेला आणि पोटातला कठीण खडक उघडा पडला.

त्यानंतर, अगदी अलीकडे म्हणजे गेल्या वीस-पंचवीस लाख वर्षांत, बर्फाचे जाड थर या डोंगरांवरून पुन्हा पुन्हा सरकले. शेवटचा बर्फ वितळला तो साधारण साडेअकरा हजार वर्षांपूर्वी. आगीने बांधलं आणि बर्फाने कोरलं, असं या बेटांचं थोडक्यात वर्णन करता येईल.

ओबानहून फेरीने मल बेटाकडे निघालं की साधारण पाऊण तासात क्रेगन्यूर येतं. पश्चिमेकडचे डोंगर दिसू लागले तेव्हा मला एकदम घरची आठवण झाली. पायऱ्या पायऱ्यांचे, वर सपाट, कडेला काळे कडे. सह्याद्रीच! हा योगायोग नाही. आपलं दख्खनचं पठारही असंच भेगांमधून आलेल्या लाव्हाच्या थरांवर थर बसून झालंय, फक्त ते थोडं आधी, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. बेळगाव त्या काळ्या कातळाच्या दक्षिण टोकाशी बसलंय. इंग्रजी पुस्तकांत आपल्या पठाराला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे, तो स्वीडिश भाषेतल्या 'पायरी' या शब्दावरून आलाय. एका थराचा लाव्हा थांबला, वरचा भाग हवेने-पावसाने मऊ झाला, मग दुसरा थर आला. मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग टिकतो, म्हणून पायऱ्या दिसतात.

मलचं मुख्य गाव टोबरमोरी. हे गाव 1788 मध्ये मासेमारीसाठी वसवलं गेलं, पण नाव त्याहून जुनं आहे. गेलिकमध्ये 'टोबर व्होरे', म्हणजे मरियेची विहीर. बेटावर गोडं पाणी कुठे आहे आणि लोक तिथे कुणाचं नाव घेऊन पाणी भरत होते, हे दोन शब्दांत कळतं.

खांबांचं बेट

मलच्या पश्चिमेला स्टाफा नावाचं चिमुकलं बेट आहे. समुद्र खवळलेला असेल तर बोट लागत नाही, त्यामुळे तिथे पाय ठेवायला मिळणं हा नशिबाचा भाग. नाव व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतलं, अर्थ 'खांबांचं बेट'. हे लोक उभे ओंडके एकमेकांना लावून घरं बांधायचे. बेटाच्या कड्याकडे बघून त्यांना आपल्या घराची भिंत आठवली असणार.

हे खांब कसे होतात? लाव्हाचा जाड थर थंड होताना आकसतो. आकसला की त्याला तडे जातात, जसे उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलाला जातात. थंडावा सगळीकडे सारखा पसरत असेल, तर तडे एकमेकांना साधारण 120 अंशात भेटतात आणि सहा बाजूंचे आकार तयार होतात. मग थंडावा जसजसा आत उतरतो तसतसे तडेही आत जातात, आणि षटकोनाचा खांब होतो. सगळे खांब सहा बाजूंचेच असतात असं नाही, पाच आणि सात बाजूंचेही मी मोजले. स्टाफाच्या कड्यात तीन मजले स्पष्ट दिसतात. तळाला ज्वालामुखीची राख दबून झालेला थर, मध्ये सरळ खांबांची रांग, आणि वर वेड्यावाकड्या बारीक खांबांचा गुंता. मधला थर शांतपणे निवला, वरचा घाईघाईने.

भारतातही असे खांब आहेत. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल आहे, तो दख्खनच्या लाव्हाचा. आणि आपल्याकडून दक्षिणेला गेलं तर उडुपीजवळ मालपेसमोर सेंट मेरीज बेट आहे. ते खांब मात्र दख्खनहून जुने, मादागास्कर भारतापासून वेगळं होत होतं त्या काळातले, सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वीचे. दिसायला सगळे भाऊ-भाऊ, वयं वेगळी.

स्टाफाची गुहा जगाला माहीत झाली 1772 मध्ये. जोसेफ बँक्स हा निसर्गशास्त्रज्ञ आइसलँडला जाताना इथे थांबला आणि त्याने हिचं वर्णन केलं. त्या काळी ऑसियनच्या नावाने प्रसिद्ध झालेली फिंगल राजाची काव्यं युरोपभर गाजत होती, त्यामुळे 'फिंगलची गुहा' हे नाव लगेच रुळलं. 1829 मध्ये संगीतकार मेंडेल्सोन इथे आला आणि त्यातून त्याचं 'द हेब्रिडीज' हे ओव्हर्चर जन्मलं. गुहा सुमारे 70 मीटर खोल आहे. लाट आत शिरली की तिचा आवाज छताला लागून परत येतो आणि काही क्षण थांबल्यासारखा वाटतो. गेलिकमध्ये हिला 'गोड आवाजाची गुहा' म्हणतात. 'गोड' या अर्थाचा शब्द आहे 'बिन', आणि वाक्यात त्याचा उच्चार 'व्हिन' होतो. परक्या पाहुण्याने तेच 'फिन' असं ऐकलं आणि एका दंतकथेतल्या वीराचं नाव गुहेला चिकटलं, असं एक मत आहे. ते खरं असेल, तर गुहा गाते हे मेंडेल्सोनच्या कितीतरी आधी बेटावरच्या माणसांनी नोंदवलं होतं. आपण मात्र ते नाव चुकीचं ऐकलं.

स्टाफाच्या माथ्यावरच्या गवतात पफिन पक्षी बिळं करून राहतात. पोपटी नाही, पण रंगीत चोचीचा, जोकरसारखा दिसणारा हा पक्षी एप्रिलच्या सुमारास समुद्रावरून येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत निघून जातो. माणसं शांत बसली तर तो अगदी जवळ उतरतो. माणसांच्या आसपास अंडी-पिल्लं पळवणारे मोठे सीगल फिरकत नाहीत, हे त्याला कळलंय असं गाइड म्हणाला.

एका अक्षराची चूक

मलच्या टोकावरून दहा मिनिटांच्या फेरीने आयोना येतं. पाहुण्यांच्या गाड्यांना तिथे बंदी आहे, चालायचं. कॅथलिक म्हणून मला या बेटाची ओढ आधीपासून होती. 563 मध्ये आयर्लंडहून संत कोलंबा बारा सोबत्यांना घेऊन इथे आले. त्यांनी उभारलेल्या मठातून स्कॉटलंडच्या मोठ्या भागात ख्रिस्ती धर्म पोहोचला. 597 मध्ये ते इथेच वारले.

त्यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी मठाधिपती अॅडमनान यांनी कोलंबांचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं. त्यात बेटाचं नाव 'इओउआ' असं आहे. पुढे नकला करताना कुणीतरी 'यू' हे अक्षर 'एन' असं वाचलं आणि 'इओना' झालं. गंमत अशी की कोलंबा म्हणजे लॅटिनमध्ये कबूतर, आणि हिब्रूमध्ये कबुतराला 'योना' म्हणतात. हे दुसरं साम्य अॅडमनान यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे नक्कल करणारा चुकला आणि बेटाला त्याच्या संताचंच नाव मिळालं! पाठभेदांचा पेपर कंटाळवाणा वाटत असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आयोनाचा पश्चिम भाग ज्वालामुखीच्या कथेतला नाही, तो फार जुना आहे. हा 'लुईशियन नाइस' खडक, राखाडी-गुलाबी पट्ट्यांचा, पिळलेल्या लुगड्यासारखा. हेब्रिडीजमध्ये या खडकाचे काही भाग जवळजवळ 300 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. मठाच्या भिंतीतला गुलाबी ग्रॅनाइट मात्र समोरच्या मलच्या टोकाचा. नन्सच्या पडक्या कॉन्व्हेंटमध्ये तो अजून उघडा दिसतो, ऊन पडलं की जास्वंदाच्या जुन्या पाकळीसारखा.

पश्चिम किनाऱ्यावर एक सपाट हिरवं मैदान आहे. त्याला गेलिकमध्ये 'माखर' म्हणतात. आपल्या कानाला लगेच मखर आठवतं, आणि जूनमधली तिथली फुलं बघितली तर ते फार चुकीचंही वाटत नाही. हा शब्द आता जगभरचे शास्त्रज्ञ तसाच वापरतात, कारण अशी जमीन फक्त स्कॉटलंडच्या वायव्येला आणि आयर्लंडच्या पश्चिमेला आहे. समुद्रातल्या शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने आत उडत येतो. शिंपल्यात चुना असतो. बेटांची बाकीची माती पीट म्हणजे कुजलेल्या शेवाळाची, आंबट. चुना तो आंबटपणा मारतो, आणि जमीन पिकाऊ होते. लोक तिच्यावर समुद्रातलं शेवाळ खत म्हणून घालायचे, थोडी वर्षं ओट किंवा राय पेरायचे, मग जमीन पडीक ठेवायचे. त्या पडीक काळात फुलं, फुलांवर मधमाश्या, गवतात पक्षी.

त्यातला एक पक्षी कॉर्नक्रेक. तो आफ्रिकेतून येतो, उंच गवतात लपतो आणि दिसत जवळजवळ नाहीच. कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा 'क्रेक्स क्रेक्स' आवाज रात्रभर येतो, आणि त्याचं शास्त्रीय नावही 'क्रेक्स क्रेक्स' हेच आहे. यंत्राने लवकर गवत कापायला सुरुवात झाली तसा हा पक्षी ब्रिटनच्या बहुतेक भागातून गेला. आता काही बेटांवर शेतकरी गवत उशिरा कापतात, आणि कापताना मधून कडेकडे जातात, म्हणजे पिल्लांना बाहेर पळता येतं. निसर्ग टिकतो तो माणूस गेल्यामुळे, असं आपण सरसकट धरून चालतो. इथे तो टिकलाय, कारण कुणीतरी विळा कुठून चालवायचा याचा विचार करतंय.

भुतांचा डोंगर

मलेगहून निघणारी फेरी चार छोट्या बेटांना जाते. रम, एग, मक आणि कॅना. रमचे डोंगर एका जुन्या ज्वालामुखीच्या पोटातली लाव्हाची कोठी आहेत. तिथे निवताना जड स्फटिक आधी तळाशी बसले, हलके त्यांच्यावर, पुन्हा नवा लाव्हा आला आणि पुन्हा तसंच झालं. त्यामुळे डोंगराला केकसारखे थर दिसतात. शिखरांची नावं नॉर्स. त्यातलं एक ट्रॉलव्हल, म्हणजे ट्रॉल या भुतांचा डोंगर.

भुतं खरंच आहेत. मॅन्क्स शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी उंच उतारांवर बिळं करतात. त्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी ही एक, काही लाख पक्ष्यांची. जमिनीवर ते धड चालू शकत नाहीत, म्हणून शिकारी पक्ष्यांच्या भीतीने पूर्ण अंधार झाल्यावरच घरट्याकडे येतात, आणि बिळातल्या जोडीदाराला शोधत घोगऱ्या आवाजात किंचाळतात. जूनमध्ये तिकडे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे हा गोंधळ मध्यरात्री सुरू होतो. हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून येणाऱ्या खलाशाने तो ऐकला आणि डोंगराला नाव दिलं, असं सांगतात. त्यांच्या विष्ठेने उतारावर हिरवेगार पट्टे उठतात आणि हरणं तिथे चरायला येतात. समुद्रातला मासा असा गवत होऊन डोंगरावर चढतो.

रमवरच 1975 पासून नॉर्वेतून आणलेली समुद्री गरुडाची पिल्लं सोडायला सुरुवात झाली. दहा वर्षांत 82 पिल्लं. ब्रिटनमध्ये हा पक्षी 1918 पर्यंत मारून संपवला होता. 1985 मध्ये मलवर पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. याचं गेलिक नाव आहे 'सूर्याच्या डोळ्याचा गरुड'. त्याची फिकट पिवळी नजर एकदा बघितली की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

शेजारचं एग. मधोमध अन स्गूर नावाचा 393 मीटरचा काळा सुळका, डांबरासारख्या चकचकीत पिचस्टोन खडकाचा. त्याच्या तळाशी नदीचे गोटे आणि जुन्या झाडांची लाकडं सापडतात. डोंगराखाली नदी कशी? कारण तो डोंगर पूर्वी दरी होता. दरीत लाव्हा भरला, निवून कठीण झाला. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि दरीतला भराव उंच उभा राहिला. साचा गेला, मूर्ती राहिली. एकोणिसाव्या शतकात ह्यू मिलर या दगडफोड्याने, जो पुढे लेखक आणि भूशास्त्रज्ञ झाला, या बेटावर हिंडून लिहिलं.

रिकामं कुणी केलं?

माहितीपत्रकात या बेटांसाठी 'अस्पर्श', 'निर्जन' असे शब्द असतात. रमच्या उतारांवर संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की जमिनीवर समांतर उंचवटे दिसतात, जसे आपल्याकडे रताळ्याच्या शेतात असतात. हे जुने वाफे. पातळ माती हाताने खणून, पाठीवरून शेवाळ आणून घालून बटाटे आणि ओट पिकवणाऱ्यांचे. इंग्रजीत यांना 'लेझी बेड' म्हणतात, आळशी वाफे! ज्यांनी डोंगराला नावं दिली, त्यांना बाहेरच्यांनी मराठी अर्थाने नावं ठेवली.

अठराव्या शतकाच्या शेवटापासून इथले जमीनदार मेंढ्यांच्या मागे लागले. मेंढीपासून मिळणारं उत्पन्न कुळांच्या खंडापेक्षा जास्त होतं. शेवाळ जाळून क्षार काढायचा धंदा काही वर्षं चालला, नेपोलियनची युद्धं संपल्यावर तो बसला, आणि कुळं नकोशी झाली. 1846 मध्ये बटाट्यावर रोग पडला. गावामागून गाव उठवलं गेलं. रमवरून 1826 मध्ये सुमारे 300 माणसं जहाजांनी कॅनडात नोव्हा स्कोशियाला पाठवली गेली. आधी तिथे मेंढ्या आल्या, मग श्रीमंतांच्या शिकारीसाठी हरणं. 1957 मध्ये ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झालं. पक्षी वाचले हे चांगलंच झालं. पण त्या शांततेला 'अस्पर्श' म्हणणं म्हणजे उठवलेल्या गावाला 'मोकळी जागा' म्हणणं.

एगची गोष्ट वेगळी वळली. 1997 मध्ये तिथल्या रहिवाशांनी, स्थानिक कौन्सिल आणि एका वन्यजीव संस्थेला सोबत घेऊन, लोकवर्गणीतून आपलं बेट मालकाकडून विकत घेतलं. 2008 पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी त्यांची स्वतःची वीज आहे. घराला एका वेळी 5 किलोवॉटची मर्यादा, सगळ्यांना सारखी. वस्ती साधारण शंभराची.

काळे आणि तांबडे

शेवटचे दिवस स्कायवर. इथे भाषेचा आणि दगडाचा मेळ सगळ्यात सोपा दिसतो. दरीच्या एका बाजूला काळे कूलिन डोंगर, दातेरी, गॅब्रो खडकाचे. त्यांच्या शिखरांच्या नावांत 'डू' येतं, म्हणजे काळा. दुसऱ्या बाजूला गोलसर तांबूस टेकड्या, ग्रॅनाइटच्या. त्यांच्या नावांत 'जेरक' येतं, म्हणजे तांबडा. दोन्ही खडक जमिनीखालीच निवले. गॅब्रो लोहयुक्त म्हणून काळा आणि बर्फाला दाद न देणारा. ग्रॅनाइट सहज भुगा होणारा, म्हणून गोल. काळ्या कूलिनमध्ये खडकातल्या चुंबकीय खनिजामुळे होकायंत्रसुद्धा फसतं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये.

या डोंगरांच्या मध्ये कोरुस्क नावाचं सरोवर आहे. नावाचा अर्थ 'पाण्याची कढई'. बर्फाने डोंगराच्या कुशीत कोरलेल्या अशा खोलगट जागेला जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत 'कोरी' म्हणतात. तो शब्द इथलाच, एका गेलिक स्वयंपाकघरातल्या भांड्याचा.

स्कायसमोर रासे बेट आहे. विसाव्या शतकातले थोर गेलिक कवी सॉर्ली मॅक्लीन तिथले, जन्म 1911. 'हालेग' हे रासेवरचं उठवलेलं गाव, आणि त्याच नावाची त्यांची कविता 1954 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कवितेत गावातल्या मुली बर्च, हेझल आणि रोवनची झाडं होऊन उभ्या आहेत. गाइडने लांबून ते बेट दाखवलं आणि गावांची नावं एकामागून एक म्हटली. त्याच्या हातात नकाशा नव्हता. मला लिटनीची आठवण झाली. प्रत्येक नावानंतर आपण काहीतरी उत्तर द्यायला हवं असं वाटत होतं.

गेलिकचं पुढे काय? 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे 57,600 निघाले. 2022 मध्ये थोडीफार का होईना ती येणाऱ्यांचा आकडा 1 लाख 30 हजारांपर्यंत गेला. शाळा, वर्ग यांमुळे शिकणारे वाढले आहेत. पण ज्या बाहेरच्या हेब्रिडीजमध्ये ती घराघरांत होती, तिथे बोलणाऱ्यांचं प्रमाण 52 टक्क्यांवरून 45 वर आलं. म्हणजे वर्ग भरतायत आणि स्वयंपाकघरं रिकामी होतायत. स्कायच्या दक्षिणेला सावल मोर ओस्टेग हे गेलिक माध्यमाचं कॉलेज आहे. 1973 मध्ये ते एका शेतावरच्या कोठारात सुरू झालं आणि नावही तेच राहिलं, 'ओस्टेगचं मोठं कोठार'. आमच्यासारख्या छोट्या साहित्य मंडळांना यातून धीर यायला हरकत नाही.

तुम्हाला कधी जायला मिळालं तर मे-जून निवडा, पक्षी आणि फुलं दोन्ही भेटतात. मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्याही भेटतात, त्यांच्यासाठी डोक्यावर जाळी घ्या. बूट चांगले हवेत, किनाऱ्यावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात हवं. खडकावर हातोडी चालवू नका. स्कायच्या काही किनाऱ्यांवर डायनोसॉरच्या पाऊलखुणा आहेत आणि तिथले जीवाश्म 2019 पासून कायद्याने राखलेले आहेत. आणि प्रत्येक ठिकाणी नावाचा अर्थ विचारा.

जायला नाही मिळालं तरी काम इथेही आहे. चोर्ल्याच्या बाजूला आणि खाली कोकणात जांभ्याची सपाट पठारं आहेत, त्यांना आपण 'सडा' म्हणतो. पावसाळ्यात त्यावर फुलांचा गालिचा असतो. सरकारी कागदावर मात्र अशी जमीन बहुधा 'पडीक' म्हणून येते. 'सडा' म्हणणाऱ्याने ती जमीन बघितलेली असते. 'पडीक' लिहिणाऱ्याला ती बघायची गरज पडत नाही, आणि पडीक जमिनीचं काय करायचं हे ठरवणं फार सोपं असतं.

तेव्हा मंडळाच्या सभासदांना एक सुचवावंसं वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना, काका-मामांना गावातल्या टेकड्या, ओहोळ, कोंडी, खडपं, माळ यांची नावं विचारा. मराठीत असोत, कोंकणीत असोत की कन्नडमध्ये, जशी ऐकू येतील तशी लिहा, आणि शक्य झालं तर त्या जागेवर उभं राहून तो दगड हातात घ्या. अक्षर नीट काढा. एका अक्षराने काय होतं हे आयोनाला विचारा.